सूर्यचूल आणि आजीचं पान

आमच्या घरात सूर्य अप्पांच्या मालकीचा होता. उगवायचा तो सगळ्या नाशिकवर, पण त्याचं पुढं काय करायचं हे सिडकोतल्या आमच्या गच्चीपुरतं तरी अप्पा ठरवत. अप्पा म्हणजे माझे वडील. ओझरच्या विमान कारखान्यात ते तपासनीस होते. दुसऱ्यानं घडवलेला भाग हातात घ्यायचा, त्यात केसाएवढी खोट असली तरी शोधायची आणि तो परत पाठवायचा, हे काम वर्षानुवर्षं केल्यामुळं घरी आल्यावरही त्यांची नजर निवळत नसे. पोळीची जाडी, दाराची बिजागरी, माझं अक्षर, सगळं तपासून व्हायचं. मग एका उन्हाळ्यात कुठल्याशा प्रदर्शनातून ते एक पत्रक घेऊन आले आणि त्यांना साक्षात्कार झाला, की खरी मोठी खोट आपल्या गच्चीवर आहे. रोज एवढं ऊन पडतं आणि फुकट जातं.

"फुकट कुठं जातं?" आई म्हणाली. "माझ्या कुरडया वाळतात की."

"कुरडया!" अप्पा म्हणाले. "शकू, हे म्हणजे विमानानं भाजी आणायला जाण्यासारखं झालं."

"भाजी आली म्हणजे झालं," आई म्हणाली आणि चीक घोटायला लागली.

पहिला प्रयोग पाण्याचा. अप्पांनी एका लोखंडी पिंपाला बाहेरून काळा रंग दिला, ते गच्चीवर चढवलं आणि खाली न्हाणीघरापर्यंत नळी आणली. पाणी तापायचं, नाही असं नाही. पण ते तापायचं दुपारी तीनला. सूर्याला माझ्या शाळेची वेळ ठाऊक नव्हती आणि अप्पांच्या कंपनीच्या बसचीही नव्हती. त्यामुळं पिंपाचा उपयोग फक्त रविवारी व्हायचा. भर चैत्रात, दुपारी तीन वाजता, अप्पा कढत पाण्यानं अंघोळ करायचे आणि लालबुंद होऊन बाहेर येत म्हणायचे, "सेंट पर्सेंट फुकट!" थंडीत, निफाडकडून वारं सुटलं की सकाळी त्याच पिंपातून असं पाणी यायचं की बादलीत हात घालवत नसे. तेव्हा आई मागच्या बाजूला स्टोव्हवर पातेलं चढवायची आणि ते गुपचूप बादलीत ओतायची. अप्पा अंघोळ करून म्हणायचे, "बघ, रात्रभर उष्णता धरून ठेवतं पिंप." आई म्हणायची, "गुणी आहे हो."

नंतर सौरकंदील आला. तो दिवसभर गच्चीच्या कठड्यावर उन्हं खात बसायचा. संध्याकाळी लाइट गेली की अप्पा मोठ्या ऐटीत त्याचं बटण दाबायचे आणि मग तो कुठं ठेवलाय हे बघायला मेणबत्ती लावावी लागायची. अप्पांच्या मते खोट कंदिलात नव्हती. आम्हांला जास्त उजेडाची सवय लागली होती.

मी हसते आहे, पण एक गोष्ट खरी सांगायला हवी. ही यंत्रं चालत का नाहीत, या एकाच प्रश्नानं मला विज्ञानाकडे ओढलं. ज्या घरात सगळं बिनबोभाट चालतं त्या घरातली मुलं काय होतात कोण जाणे, पण आमच्यासारख्या घरातलं मूल इंजिनियर तरी होतं, नाहीतर संन्यास तरी घेतं.

सूर्यचूल या सगळ्यांच्या नंतर आली. बॅगेसारखी एक मोठी पेटी, आत काळे चार डबे, वर दुहेरी काच, आणि पेटीच्या झाकणाला आतून लख्ख आरसा. झाकण उघडून टेकू लावून उभं करायचं, म्हणजे आरशावरचं ऊन पेटीत पडतं आणि डब्यांत वरण-भात शिजतो. शिजतो म्हणजे खरंच शिजतो, आणि चांगला शिजतो. फक्त त्याला दोन अटी होत्या. घाई नसलेलं माणूस हवं, आणि ते माणूस दर थोड्या वेळानं गच्चीवर जाऊन पेटी सूर्याकडे फिरवणारं हवं. अप्पा सकाळी बसनं ओझरला जायचे, तेव्हा ते माणूस म्हणजे आई. त्यावरही त्यांचा विश्वास नव्हता. आमच्याकडे फोन नव्हता, तो शेजारच्या कुलथे काकूंकडे होता. अकराच्या सुमाराला काकू कठड्याशी येऊन ओरडायच्या, "वैजूच्या आई, ओझरहून फोन आहे! चूल फिरवली का विचारतायत!" गल्लीतल्या बायका पदर तोंडाशी धरून हसायच्या. आई ओरडून सांगायची, "फिरवली म्हणावं! आता मलाच फिरायला लागलंय!"

आजी, म्हणजे अप्पांची आई, तेव्हा आमच्याकडेच होती. जन्म कळवणकडच्या खेड्यात काढलेला, आवाज खणखणीत, आणि उन्हाळ्यात तिचं काम ठरलेलं. पापड-कुरडयांचं वाळवण गच्चीवर पसरलं की ती डोक्यावर ओला पंचा टाकून जिन्याच्या सावलीत काठी घेऊन बसायची आणि कावळे हाकलायची. कावळ्यांशी तिचं वैर होतं. ती त्यांना चेहऱ्यानं ओळखायची आणि शिव्याही एकेकाला वेगळ्या द्यायची. सूर्यचूल पहिल्यांदा उघडली तेव्हा तिनं चारी बाजूंनी पाहून घेतलं.

"दामू, ह्या पेटीत ऊन भात शिजवनार हाय?"

"हो, आई."

"मंग माझं डोकं का शिजंना? मी तर सकाळपून उन्हात बसलीय."

अप्पांनी तिला उष्णता कशी कोंडली जाते ते समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एका कावळ्यावर काठी फेकली.

आजी त्याच उन्हाळ्यात, चैत्रात गेली. झोपेतच गेली, कुणाला त्रास न देता. गोदाकाठी दहाव्याचं पान ठेवलं आणि मागं सरायच्या आत कावळा शिवला. अप्पांची थोरली बहीण, कळवणला दिलेली आमची आत्या, तेव्हा डोळे पुसत म्हणाली होती, "आई तृप्त हाय. तिचं काईच ऱ्हायलं नाय." हे वाक्य पुढं फार उपयोगी पडणार होतं, पण ते तेव्हा कुणी ध्यानात ठेवलं नाही.

आजी गेल्यावर कावळ्यांचं फावलं. पुढच्या उन्हाळ्यात आईनं पहिलं वाळवण घातलं आणि दुपारपर्यंत अर्धं गेलं. तेव्हा आईला शोध लागला. ज्या बाजूला सूर्यचुलीचं झाकण उघडं होतं, त्या बाजूच्या कुरडयांना एकाही कावळ्यानं चोच लावली नव्हती. कावळा यायचा, पाण्याच्या टाकीवर बसायचा, मान तिरकी करून पाहायचा. आरशातून दुसरा एक कावळा मान तिरकी करून पाहायचा. वर डोळ्यांवर तिरीप. कावळा भलता हुशार पक्षी, असल्या भानगडीत पडत नाही. त्या दिवसापासून आमची सूर्यचूल रोज सकाळी उघडायला लागली, वाळवणाकडे तोंड करून. डब्यांत मात्र काही नसायचं. वरण-भात आई कुकरमध्ये गॅसवर करायची आणि दुपारनंतर काळ्या डब्यांत काढून ठेवायची. संध्याकाळी अप्पा पहिला घास तोंडात घालून डोळे मिटायचे.

"उन्हाची चव वेगळीच," ते म्हणायचे.

"वाढू का आणखी?" आई म्हणायची.

मला हे माहीत होतं, कारण बारावीच्या परीक्षेनंतर मी घरीच होते. कुणाला सांगायचं नाही असं आईनं कधी म्हटलं नाही. तिनं माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं होतं, तेवढं पुरलं.

त्या सुट्टीत माझा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. मला पुण्याला जाऊन इलेक्ट्रिकल इंजिनियरिंग करायचं होतं. पेपर चांगले गेले होते. अप्पांनी हो म्हटलं होतं आणि सगळ्या कारखान्याला सांगूनही टाकलं होतं. पण अप्पांचा होकार आत्या कळवणहून येईपर्यंतच टिकायचा. लहानपणी तिनंच त्यांना कडेवर वाढवलेलं, त्यामुळं विमानाच्या भागाला नापास करणारा हा माणूस तिच्यापुढं उभा राहिला की चड्डीतला दामू व्हायचा. आणि आत्या आजीच्या वर्षश्राद्धाला येणार होती. येताना एक स्थळही आणणार होती. तिच्या दिराचा मुलगा, कांदा साठवायची मोठी चाळ, दारात ट्रॅक्टर.

आत्या आदल्या दिवशी एसटीनं आली ती पिशवीतून मुलाचा फोटो काढतच. फोटोत ट्रॅक्टर पुढं होता आणि मुलगा मागं. "पोरगी पुन्याला जाऊन काय बल्ब लावनार हाय का?" तिनं अप्पांना विचारलं. अप्पा म्हणाले, "तसं नाही आक्का." कसं आहे ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

श्राद्धाच्या दिवशी स्वयंपाक मोठा होता. पुरणपोळी, कढी, भजी, कुरडया, उडदाचे वडे. आई पहाटेपासून पुरण वाटत होती. अप्पांनी एकच हट्ट धरला. पानावरचा भात सूर्यचुलीत शिजेल. "आईच्या नावानं," ते म्हणाले, तेव्हा आईनंही हरकत घेतली नाही. त्या दिवशी अप्पा घरीच होते, तेव्हा भात खरोखरच उन्हात शिजला. तो उतरवल्यावर त्यांनी लगेच शेंगदाण्यांचा डबा आत ठेवला. भाजलेले दाणे हातात घेऊन आत्यानं तोंडात बोट घालावं, अशी त्यांची इच्छा होती.

पान ठेवायची वेळ झाली. पितरांची दिशा दक्षिण, म्हणून भटजींनी गच्चीच्या दक्षिण कठड्यावर पान ठेवायला सांगितलं. पत्रकाप्रमाणे भर दुपारी सूर्यचुलीचं तोंडही दक्षिणेला करायचं असतं. शास्त्र आणि विज्ञान यांचं आमच्या घरात पहिल्यांदाच एकमत झालं आणि आजीचं पान नेमकं आरशासमोर आलं.

आम्ही सगळे जिन्याच्या सावलीत हात जोडून उभे राहिलो. कावळा आला. टाकीवर बसला. पानाकडे झेपावला, मध्येच पंख फडफडवले आणि परत फिरला. दुसरा आला, तोही परत गेला. मग टाकीवर चार-पाच कावळ्यांची सभाच भरली. खाली पाहुणे ताटकळत होते, भजी निवत होती. पान शिवल्याशिवाय घरात कुणी घास घेऊ शकत नव्हतं.

"हयातभर काठी हानली बाईनं त्यांला," आत्याचे यजमान हळूच म्हणाले. "आज बरे यतील."

आत्यानं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते खाली पाणी प्यायला निघून गेले. मग तिची नजर पानावर गेली.

"त्यो भात. उन्हातला. आईला रुचला नाय."

आता सूर्यचुलीच्या अब्रूचा प्रश्न होता. अप्पा एकदम ताठ झाले. "भाताला काही झालेलं नाही आक्का. बदलून बघ." आई खालून गॅसवरचा भात घेऊन आली, पान बदललं. कावळे टाकीवरच.

"बघ!" अप्पा विजयानं म्हणाले. "भाताचा दोष नाही. खोट दुसरीकडे आहे."

"तेच म्हनते मी," आत्या म्हणाली. "खोट दुसरीकडं हाय. दहाव्याला आई लगीच शिवली, तवा तिचं काईच ऱ्हायलं नव्हतं. मंग ह्या वर्साभरात काय झालं? पोरीला पुन्याला धाडायचं निघालं. दुसरं काय? तिला नातीचं लगीन बघायचं हाय, दामू. हात जोड आन सांग तिला, येत्या वैशाखात लावून देतो म्हनून."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग पानाकडे पाहिलं. पानामागं कुठंतरी त्यांची आई उपाशी उभी होती. त्यांचं विज्ञान पिंप, कंदील आणि चुलीपर्यंत पोचलेलं होतं, इतक्या लांबवर ते कधी गेलंच नव्हतं. त्यांनी हात जोडले. "आई," ते म्हणाले.

मी तोपर्यंत वेड्यासारखी टाकीकडे, पानाकडे, आरशाकडे बघत होते, आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी तोंड उघडलं. आईनं माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. तिचं बरोबर होतं. मी आरशाचं नाव काढलं असतं तर आत्या म्हणाली असती, अजून कॉलेजात गेली नाही तर आजीला खोटं पाडते, गेल्यावर काय करील?

"थांबा हो," आई अप्पांना म्हणाली. "आक्का, मी सून. शेवटची पाच वर्षं त्या माझ्या हातचं जेवल्या. आधी मला विचारू द्या."

आई पदर डोक्यावरून घेत उन्हात गेली. पानाशी वाकली, वडा नीट ठेवला, वळली आणि जाता जाता सूर्यचुलीचं झाकण मिटलं.

"अगं, दाणे राहतील!" अप्पा म्हणाले.

"झळ लागतेय पानाला," आई म्हणाली आणि हात जोडून खणखणीत आवाजात बोलली, जिन्यात उभ्या कुलथे काकूंनाही ऐकू जाईल अशा. "सासूबाई, वैजूला मी पुण्याला इंजिनियर व्हायला पाठवतेय. लग्नाचं ती शिकल्यावर बघू. तुम्हांला पटत असेल तर जेवा. नसेल पटत तर राहू द्या, आम्ही बसतो उपाशी."

आई मागं सरली. टाकीवरचा मोठा कावळा उठला, कठड्यावर उतरला, मान तिरकी करून एकदा मिटल्या पेटीकडे पाहिलं आणि सरळ पुरणपोळी उचलली. त्याच्या मागोमाग बाकीची सभाही पानावर उतरली. कढीची वाटी लवंडून कठड्यावरून खाली ओघळली.

"माय वं!" आत्या म्हणाली आणि मटकन खाली बसली. मग तिला रडू फुटलं, आणि ते खरं होतं. "आईनं ऐकलं. शकू, तुझं ऐकलं गं तिनं." तिनं मला जवळ ओढलं, माझ्या पाठीवरून हात फिरवला. "जाय पोरी. आजीचा हुकूम हाय. आता मधी कोन यतं ते मी बघते." आणि तिनं ते बघितलंही. पुढं कळवणच्या पंचक्रोशीत माझ्या इंजिनियरिंगची जाहिरात तिनं जेवढी केली तेवढी कुठल्याही कॉलेजनं केली नसती. अभ्यासात ढिलाई दिसली की ती पत्र टाकायची, आजी बघते हाय.

सगळे खाली जेवायला गेले. मी पाण्याचा तांब्या विसरले म्हणून वर परत आले, तर अप्पा एकटेच गच्चीवर. त्यांनी सूर्यचुलीचं झाकण उघडलं. कावळे उडाले. त्यांनी झाकण मिटलं. कावळे आले. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. मग पेटीवरून एकदा हात फिरवला. मला वाटलं, आता हे खाली जाऊन पंगतीत जाहीर करणार. कारण प्रत्येक शोध गल्लीला सांगितल्याशिवाय त्यांना पाणी गोड लागत नसे. मी जिन्यात बाजूला झाले. अप्पा खाली उतरले, आत्याच्या शेजारच्या पाटावर बसले.

"काय करत व्हता रं वर?" आत्यानं विचारलं.

"काही नाही," अप्पा म्हणाले. "आईला नमस्कार करत होतो."

मग त्यांनी आईकडे पाहिलं. आई त्यांच्या पानात कुरडई वाढत होती. ती म्हणाली, "दाणे कच्चे राहिले, नाही?" अप्पा म्हणाले, "असू देत." सूर्यचूल पुढंही रोज उघडली, वरण रोज काळ्या डब्यांतून आलं, आणि अप्पांनी रोज डोळे मिटून उन्हाची चव घेतली.

मी इंजिनियर झाले. पुढं याच उन्हावर पोट भरलं. आज त्याच गच्चीवर मी बसवलेली पॅनेलं आहेत, सकाळी सातला कढत पाणी येतं, दिवे जातच नाहीत. आमच्या घरातल्या यंत्रांतला सगळा विनोदच संपला. सूर्यचुलीचा आरसा फुटला तो आम्ही कधीच टाकून दिला.

आई गेली त्यानंतरच्या तिच्या वर्षश्राद्धाला मी त्याच कठड्यावर पान ठेवलं. आरसा नव्हता, काठी नव्हती, चकाकणारं काहीही समोर येऊ नये म्हणून पॅनेलांवर मी स्वतः चादरी टाकल्या होत्या. तरी कावळा येईना. मी सांगून पाहिलं, अप्पांना सांभाळीन. माझ्या मुलीनं सांगून पाहिलं. शेवटी अप्पा कठड्याला धरून उन्हात पुढं झाले. वय झालेलं. हात त्यांनी जोडले नाहीत, पानाशेजारी टेकवले.

"शकू," ते म्हणाले, "वरण गॅसवरचं होतं, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं गं. मी तपासनीस होतो. पण चांगलं होतं, म्हणून पास करत होतो."

ते दोन पावलं मागं आले आणि कावळा शिवला.

अप्पांनी माझा दंड धरला आणि लहान मुलाच्या आवाजात मला म्हणाले, "वैजू, या वेळेला झाकण नव्हतं हं."